छातीतली पांढरी सावली

मला दवाखान्यात ओढत नेलं ते शेजारच्या खोलीतल्या सुरेखाताईंनी. माझा खोकला थांबत नव्हता. छातीचा फोटो काढायचा, असं ऐकून मी भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून निघालो. ताई म्हणाल्या, "अरे, मुलगी बघायला चाललास का? तिथं शर्ट काढायला लावतात!"

फोटोत दोन फुप्फुसांच्या मधोमध पांढरी सावली निघाली. "लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर असू शकतो. गाठीचा तुकडा तपासू," डॉक्टर म्हणाले. पण सातवीत शाळा सोडलेल्या मलाही एवढं कळतं, की सावली पडायला आधी माणूस उभा असावा लागतो. मी उभा आहे. घाबरलोय, तरी हटणार नाही. आईला कळवीन ते बरा होऊनच.

ताई, बरा झालो की तुम्हाला गावी नेणार. आई तुमची ओटी भरेल. नाही म्हणायचं नाही.