अडीच फुटांचा समुद्र

आमच्या गोरेगावात समुद्र होता असं मी म्हटलं की लोक म्हणतात, असणारच, मुंबई आहे ती. ते गोरेगाव नव्हे हो. आमचं सेनगाव तालुक्यातलं. इथून समुद्र इतका लांब, की तिकडून निघालेल्या वाऱ्याला इथं पोचेस्तोवर नातवंडं होतात.

तरी गावाला समुद्र तोंडपाठ होता, माझ्यामुळं. विसाव्या वर्षी मी चार दिवस मुंबईला जाऊन आलो आणि पारावर बसून समुद्र असा सांगितला, की पुढं बसलेल्यांनी धोतरं वर खोचली. एका म्हाताऱ्याला सर्दी झाली. लाट म्हणजे औंढ्याच्या देवळाएवढी, अन् वर कळस फेसाचा! त्या कळसाला धरून मी किनाऱ्यावर उतरलो, हेही सांगितलं. कुणी उलटतपासणी केली नाही. बिचारी भिजली होती सगळी.

माझी थोरली बहीण, अक्का, शिवणयंत्रावर वाकून हे ऐकायची. आई लवकर गेली. गावातल्या बायांचे ब्लाउज शिवून अक्कानंच मला वाढवलं, स्वतःच्या लग्नाचं राहून गेलं. ती कधी ‘थापा मारू नको’ म्हणाली नाही. एवढंच म्हणायची, “पुन्यांदा सांग रे, ती लाटंची.”

दोन वर्षांमागं तिच्या किडन्यांनी काम सोडलं. आठवड्यातून दोनदा हिंगोलीला डायलिसिसच्या मशीनवर. पाणी पेल्यानं मोजून, मीठ चिमटीनं. एकदा जीपमधून परत येताना ती म्हणाली, “समुद्र दाखवीन म्हनला व्हतास. आता दाखव. मागून काय उपेग?”

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एवढा प्रवास झेपणार नाही. मी म्हटलं, ठीक आहे, अक्का जात नाही तर समुद्र येईल! माझं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान. लाईट गेली तरी आपल्या घरी लाट थांबणार नव्हती. अडीच फुटांची काचेची टाकी आणली, तिच्या खाटेला लावून ठेवली. पाणी ढवळणारा पंप, निळा दिवा, गाळलेलं पाणी आणि त्यात किलोकिलोनं खास मीठ.

अक्का ते मीठ पडताना बघत राहिली. म्हणाली, “माझ्या वाटनीचं बी त्यालाच घाल.”

मग आली पोवळ्यांची निवड. पुण्याचा एक पोवळंवाला मी फोनवर गाठला. जिती पोवळी विकायचा. समुद्रातून तोडलेली नव्हेत, टाकीतच वाढवून कलमं केलेली.

“पोवळं जितं असतंय व्हय?” अक्कानं विचारलं. “मला वाटलं अंगठीतच असतंय.”

तो व्हिडिओ कॉलवर एकेक दाखवू लागला. मी आपला फांद्याफांद्यांचं, जांभळ्या टोकांचं, लाखात एक दिसणारं मागायला लागलो. तो म्हणाला, “दादा, ते रुसकं असतं. पाणी जरा बदललं की मान टाकतं. पहिल्यांदा जगणारं घ्या, मग मिरवणारं.” पण अक्कानं फोन माझ्या हातातून घेतला होता. तीस वर्षं अस्तर जुळवलेली बाई ती.

“तो डाळिंबी हाय का आमसुली?”

“मशरूम आहे ते, ताई. लालच म्हणा.”

“लाल असं कुटं असतंय का? डाळिंबी हाय. रंग पक्का हाय ना? धुतल्यावर जाईल का?”

“ताई, ते पाण्यातच असतं.”

“म्हनूनच इचारून राहिले.”

तो हसला, आणि मग पोवळं नव्हे, जणू पैठणी दाखवावी तसं दाखवू लागला. तिनं डाळिंबी मशरूम घेतलं. चटईसारखं पसरणारं मिरची-हिरवं घेतलं. मोरपंखी काठ आणि मधोमध हळदीचा ठिपका असलेल्या बटणांचा एक पुंजका घेतला, त्याला तो झोआ म्हणे. अक्का म्हणाली, “म्हनू दे. बटनंच हायेत ती.”

आता पुढचं खोटं वाटेल, पण ते खरं आहे. पार्सलवर ‘गोरेगाव’ वाचून कुणीतरी ते मुंबईच्या गोरेगावला पाठवलं! समुद्राची लेकरं समुद्राजवळ जाऊन, त्याचं तोंड न बघता तिसऱ्या दिवशी आमच्याकडं आली. पिशवीत आवळून, शेंबडासारखी होऊन. मी तर हातच जोडले. पण चौथ्या सकाळी अक्कानं मला हाक मारली. बटणं उघडली होती. प्रत्येक बटणाला बारीक झालर, आणि सगळी पंपाच्या लाटेवर डुलत होती.

त्यानंतर गाव लोटलं. शिरड शहापूरहून जीप भरून माणसं आली असं मी सांगतो. आले होते तीन जण. एका म्हातारीनं काचेला हळदकुंकू लावलं. अक्का प्रत्येकाला सांगायची, “रंग म्या निवडलेत.” मशीनवरून आली की बसल्या जागी कपाळ काचेला टेकवायची. गार लागतं म्हणायची.

महिनाभरानं बटणं मिटली, ती उघडेचनात. मग हिरवी चटई भुरकी पडली. मी पाणी तपासलं, मीठ तपासलं, दिवा खालीवर केला. पोवळ्यांसोबत सोडलेले दोन केशरी मासे मात्र मजेत. पोवळंवाल्याला फोन लावला. त्यानं एकच विचारलं, “तांब्याचं काही पडलं का पाण्यात? तांबं माशांना थोडंफार चालतं, ह्यांना विष.”

“आमच्याकडं असली चूक होत नसते,” मी म्हटलं.

अक्का झोपली होती. मी बाही वर सारून दगडांमागं हात घातला. बोटाला लागला तो एक तांब्याचा पैसा, निजामाच्या वेळचा, कडेनं हिरवा झालेला. आमच्या देवघरातला. हिंगोलीच्या वाटेवर कयाधू नदीच्या पुलावर जीप आली की सगळी जीप नाणं टाकते, हात जोडते, मनात काही मागते. अक्कानंही तेच केलं होतं. समुद्र दिसला, पैसा टाकला. मी तो खिशात घातला.

दुसऱ्या सकाळी ती काचेला नाक लावून शोधत होती.

“पैसा दिसंना रे.”

“कोणता पैसा?”

“आईनं दिलता. समुद्र दिसला की टाक म्हनली व्हती.”

सांगायला काय होतं? पण ज्या हातानं तिनं रंग निवडले त्याच हातानं ते मारले, हे तिला सांगायचं? आयुष्यभर एवढ्या थापा मारल्या, त्यात आणखी एक.

“मग घेतला म्हण की,” मी म्हटलं. “समुद्रानं घेतला.”

तिचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं.

मी पाणी बदललं. तिचीच निवड पुन्हा मागवली. पण तांबं दगडांत मुरलं होतं. ती नवी पोवळीही आठवड्यात गेली. मी सांगितलं, ओहोटी आहे, ओहोटीत रंग आत जातात. ती म्हणाली, “व्हय, असंल.” मी दुकानात जाऊन शटर अर्धं ओढून बसलो.

शेवटच्या आठवड्यात तिला बोलताना धाप लागायची. टाकीत राखाडी दगड आणि ते दोन मासे. एका दुपारी म्हणाली, “समुद्रानं पैसा घेतलाय ना, नक्की?”

“नक्की, अक्का.”

“मग काय मागितलं ते सांगाया हरकत न्हाई. म्या म्हनलं, ह्या माझ्या भावाला एकदा खरा समुद्र दाखव. लई वर्षं नुसताच सांगून राहिला बिचारा.”

विसाव्या वर्षीच्या त्या चार दिवसांत मी भिवंडीच्या एका गोदामात बॅटऱ्या उतरवल्या होत्या आणि पाचव्या दिवशी तसाच परतलो होतो. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

“कधीपासून ठाऊक आहे तुला?” मी विचारलं.

“तू आलास तवाच. पायताणात वाळू नव्हती.” मग म्हणाली, “सांग आता, ती लाटंची.”

मी सांगितली. देवळाएवढी लाट, वर फेसाचा कळस. ती डोळे मिटून ऐकत होती.

अक्काला जाऊन आठ महिने झाले. मासे आहेत अजून. पैसा माझ्या शर्टाच्या खिशात असतो. कयाधूच्या पुलावर जीप आली की बाकीचे नाणी टाकतात, मी खिसा दाबून धरतो. हिंगोलीहून मुंबईची बस मिळते. दोनदा तिकीट काढलं, दोनदा रद्द केलं. समुद्र बघून यायला काय लागतं? पण आल्यावर पायताणातली वाळू बघायला घरी कुणी नाही.