आतोबांची विमानं

माझ्या आत्याच्या यजमानांइतकी विमानं अख्ख्या कुंभकोणमात कुणी उडवली नसतील, आणि विमानाला त्यांच्याइतकं घाबरणारंही कुणी नसेल. आमच्या गावाला विमानतळ नाही, ही अडचण आतोबांनी निवृत्त झाल्यावर स्वतःपुरती मिटवून टाकली. संगणकावर विमान उडवायचा खेळ घेतला, त्यातल्या विमानांचे स्क्रीनशॉट काढले आणि ते कापून गावाच्या फोटोंवर असे बेमालूम चिकटवले, की फोटो पाहून आपल्या गच्चीवरून विमान गेलं आणि आपल्याला उठवलं नाही म्हणून शेजारच्या दारासुरमचा एक विणकर बायकोशी भांडला.

या बेमालूमपणापायी जीव मात्र माझा गेला. शाळेत पोरांपुढे दिवसभर घसा फोडून घरी यावं, चपला काढाव्यात, तोच फोन. "साडेचार झाले. ऊन सरकतें गं, लवकर ये!" खेळातला सूर्य साडेचारचा लावलेला, तेव्हा फोटोतलं ऊनही साडेचारचंच हवं. मग त्यांना स्कूटरवर मागं बसवून निघायचं. आडुतुरैच्या रस्त्यावरच्या एका विजेच्या तारेसाठी माझे तीन रविवार गेले. विमान तारेच्या मागून गेलं तरच लांबचं वाटतं म्हणे. चित्र पुरं झालं, सुटले एकदाची म्हणून मी उठले, तर हे नाक मुरडून म्हणाले, "विमान फार स्वच्छ दिसतें. आपल्या गावचें वाटत नाहीं." आणि बसले त्याच्यावर धूळ चढवत.

त्यांची लेक पुण्याला. सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे तीन वर्षं तिला माहेरी येता आलेलं नाही. आत्यानं नात रांगताना पाहिली ती फोनवर, चालताना पाहिली तीही फोनवरच. आगगाडी आत्याच्या कंबरेला झेपत नाही, म्हणजे विमानाशिवाय इलाज नाही. आणि विमानाचं नाव काढलं की आतोबा म्हणत, "चालवणारा माझ्यासारखाच मनुष्य नव्हे काय? मी कावेरींत किती विमानें घातलीं, तुला ठाऊक आहे!"

मध्यंतरी लेकीला बरं वाटावं म्हणून त्यांनी आत्याला बॅग देऊन गच्चीच्या पायऱ्यांवर उभं केलं, शेजारी स्वतः राहिले, आणि फोटो मी काढला. खोट्या प्रवासासाठी आत्या खरी रेशमी साडी नेसली, गजरा माळून आली. पायऱ्यांची विमानाची शिडी झाली, आणि एका दुपारी ते चित्र लेकीला गेलं. खाली आतोबांनी लिहिलं, "येतों."

आता आमच्याकडे निरोप घेताना "जातों" कुणी म्हणत नाही, अभद्र वाटतं. आतोबा तर फोनवरचा प्रत्येक मजकूर "येतों" लिहूनच संपवतात, मग तो सिलिंडरवाल्याला का असेना. पण विमानाच्या शिडीवर उभं राहून म्हटलेल्या "येतों"चा लेकीनं दुसरा काय अर्थ घ्यावा? तिनं फोन केला, तर हे फोन बंद करून झोपलेले. तिला वाटलं, बसले विमानात. सासूपाशी शेजारीण बसवून, पोरीला नवा फ्रॉक घालून ती विमानतळावर गेली. चेन्नईहून आलेली दोन विमानं रिकामी झाली.

संध्याकाळी तिचा फोन लागला तेव्हा मी तिथंच होते. "अप्पा, कुठल्या दारानं बाहेर आलात? आम्ही इथंच उभ्या आहोत."

आतोबांनी फोन कानापासून लांब धरला. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली. आत्यानं त्यांच्या हातून फोन घेतला, लेकीला सगळं समजावून घरी पाठवलं. मग त्यांच्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "चित्रांत मी जाऊन आलें. आतां खरी जातें. तुम्ही या, नाहीं तर राहा."

"जातें" म्हणाली! चाळीसएक वर्षांच्या संसारात तो शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असावा. आतोबा खुर्चीतून उठून उभेच राहिले.

गेल्या आठवड्यात दोघंही गेली. त्रिचीच्या विमानतळापर्यंत मी सोडायला गेले होते. वाटेत आतोबांनी खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही. पोचल्याचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "वरून फोटो किती काढलेत?"

"एकही नाहीं. तुझ्या आत्यानें हात धरला होता, सोडीचना."

"मी नव्हे गं," मागून आत्या म्हणाली, "ह्यांनीं धरला होता."

नात आजीच्या मांडीवर येऊन बसली होती म्हणे. मी फोन ठेवला. किती दिवसांनी माझी संध्याकाळ मोकळी होती, आणि तिचं काय करावं ते मला सुचत नव्हतं.