जमिलाचं समजदार पोरगं

शहागंजच्या मागच्या गल्लीत जमिला शाळेचे गणवेश शिवून घर ओढायची. नवरा फारूख हमाली करताना पाठीतून अधू झाला, तो खाटेवरच. थोरला मुख्तार आठवीतून शाळा सोडून गॅरेजात लागला. भाजी आणणं, बापाला दवाखान्यात नेणं, बहिणीला शाळेत सोडणं, सगळं त्याच्याच अंगावर.

सतराव्या वर्षी ह्या पोरानं माती खाल्ली. लासूर स्टेशनच्या बडे बागायतदार नानासाहेबांचा मुलगा अजिंक्य शहरात क्लाससाठी राहायचा. गाडी दुरुस्तीला आणता आणता दोघांची दोस्ती झाली. अजिंक्यही सतराचाच. एका संध्याकाळी पैठणच्या रस्त्यावर दोघांनी एका माणसाचा मोबाइल हिसकावला. गाडी मुख्तार चालवत होता. मागं बसलेल्या अजिंक्यनं चाकू चालवला अन् त्या माणसाचा दंड हाडापर्यंत चिरला.

जमिलानं पोलीस ठाण्यातच मुख्तारच्या कानाखाली वाजवली. पोरानं केलंय तर भोगावं, याला तिची ना नव्हतीच.

पण सोळा ते अठरातल्या पोरानं मोठा गुन्हा केला, तर आधी त्याची समज तपासतात. मग त्याला मूल धरायचं की मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा, ते बाल न्याय मंडळ ठरवतं. त्यासाठी मंडळाचे एक साहेब घरी आले.

"मुलगा कसा आहे तुमचा?"

चांगलं बोललं तर पोर सुटेल, असं जमिलाला वाटलं. "लई समजदार, साहेब. घरात काय करायचं, काय नाय, त्योच ठरवतो. अब्बाच्या गोळ्या त्याला तोंडपाठ."

साहेबांनी मान डोलावली.

नानासाहेबांना त्यांच्या वकिलानं आधीच पढवून ठेवलं होतं. ते साहेबांना म्हणाले, "अजून आईच्या हातानं जेवतो ओ. संगत वाईट लागली."

मंडळाचा निर्णय आला. अजिंक्य अजाण ठरला, समुपदेशन करून घरी गेला. मुख्तार कमावता, व्यवहार जाणणारा. त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालणार.

"चाकू मारला ते बाळ, अन् गाडी चालवली तो बाप्या?" जमिला ओरडली. "आमच्या गल्लीतली पोरं लवकर म्हातारी होतात का ओ?"

शिपायानं तिला बाहेर काढलं. व्हरांड्यात नानासाहेब भेटले. अवघडून म्हणाले, "भाभी, पोरं होती. चुकली."

"दोन्ही पोरं होती का एकच?"

नानासाहेब खाली मान घालून गाडीकडं गेले.

सरकारनं दिलेली वकीलबाई तरुण होती, पण तिनं हे पुष्कळदा पाहिलं होतं. "तुमच्या मोहल्ल्यातलं, पारध्यांच्या वस्तीवरचं पोरगं आलं की ते समजदार निघतं. बंगल्यातलं आलं की अजाण. आपण वरच्या कोर्टात जाऊ. पण आता तुम्हाला उलटं सांगावं लागेल."

"म्हंजे?"

"त्याला समजत नाही, असं."

जमिलाला डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. पोटच्या पोराला चारचौघांत येडं म्हणायचं! पण तिनं कोर्टात म्हटलं. तो इंजेक्शनला रडतो, अंधारात एकटा जात नाय, गॅरेजात उस्ताद सांगंल तेवढंच करतो. सगळं खरंच होतं; आधी कुणी विचारलं नव्हतं. मुख्तार शेजारी उभा राहून ऐकत होता.

गरिबीनं कामाला लावलेलं पोर म्हणजे प्रौढ नव्हे, असं म्हणत वरच्या कोर्टानं प्रकरण परत पाठवलं. दुसऱ्या तपासणीत मुख्तार मूल ठरला. तोवर सुधारगृहात त्याला मिसरूड फुटली होती, अन् अजिंक्य पुण्याच्या कॉलेजात गेला होता.

शिक्षा संपवून मुख्तार घरी आला तो वेगळाच. "अम्मी, बाहेर जाऊ?" "अम्मी, कोणता शर्ट घालू?" गॅरेजवाल्यानं पुन्हा बोलावलं, तर म्हणे, "तू सांग, जाऊ का नको." जमिला दातओठ खायची. जगानं त्याला आधी मोठा केला, मग लहान केला. आता ह्याला कुणी सांगावं की तू कोण आहेस?

एका सकाळी फारूखला धाप लागली. ओठ निळे पडले. मुख्तार खाटेपाशी नुसता उभा.

"अम्मी, काय करू?"

"मला काय विचारतोस, मुर्दाड!" तिनं त्याला दाराबाहेर ढकललं. "बाप मरतोय तुझा!"

क्षणभर तो उंबऱ्याबाहेर थबकला. मग चपला न घालताच पळत सुटला. रिक्षा घेऊन आला, बापाला एकट्यानं उचलून आत ठेवलं आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "चौकातून नको, गर्दी असती. मागून घे."

जमिला शेजारी बसली. डोळे पुसत ती दवाखान्यापर्यंत कुणाकुणाला शिव्या घालत राहिली.