रेग्युलेटरच्या तोंडावरचा अंगठा

इथले भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आलेय. माहेर डोंबिवलीचं, वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. आमच्या घरात कुणी भुताचं नाव काढलं की वडील शांतपणे विचारायचे, "तू स्वतः पाहिलंस का?" त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण हे मी स्वतः पाहिलंय...

नव्वदच्या दशकाची अखेर. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी पाणबुड्यांचे रेग्युलेटर साफ करायचे. रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरमधली हवा पाणबुड्याच्या तोंडापर्यंत बेताने पोचवणारं यंत्र. आमची माणसं जास्त ऑक्सिजन मिसळलेली हवा वापरायची, आणि तिथे तेलाचा ठिपकासुद्धा चालत नाही – सिलिंडर उघडताना रेग्युलेटर आतल्या आत पेट घेऊ शकतो. म्हणून सगळे भाग सुटे करायचे, गरम साबणाच्या पाण्यात धुवायचे आणि स्वच्छ पाण्याखाली तिरके धरायचे. पाणी एकसंध पसरलं तर साफ. कुठे फाटलं, थेंब जमले, की तिथे तेल. तुपाचं ताट धुताना दिसतं ना, तसंच.

माझे मिस्टर तिथेच पाणबुडे होते. ठाण्याच्या कोळीवाड्यातले. डोक्याला चपचपीत खोबरेल, आणि कामावर निघताना रेग्युलेटरच्या तोंडावर, सिलिंडरला जोडतात तिथे, अंगठा टेकवून ते तो कपाळाला लावायचे, मग पुन्हा तोंडावर.

"अहो, तेलाचा हात!" मी ओरडायचे.

"मग हत्याराच्या पाया पडू नको?" ते हसायचे. मग मी परत सगळं सुटं करून धुवायला घ्यायचे. कितीदा सांगितलं असेल, पण ऐकतील तर शपथ. आमच्या संसारात भांडण म्हणाल तर हे एवढंच.

ते गेले ते पाण्यात नाही. घोडबंदर रोडला, स्कूटरवरून घरी येताना... ट्रक. तेराव्यानंतर मी कामावर गेले. रडले नव्हते. लोक म्हणाले, धीराची आहे. धीर कसला, मला काही वाटतच नव्हतं. चहा गरम आहे की गार, तेही कळायचं नाही.

मग एके दिवशी वर्कशॉपच्या मालकांनी, आमच्या सरांनी, मिस्टरांचाच रेग्युलेटर माझ्या टेबलावर आणून ठेवला. मिस्टरांचा पाण्यातला जोडीदार विलास जेट्टीच्या कामाला जाणार होता, त्याच्यासाठी हवा होता. मी हातमोजे घातले, नेहमीसारखा धुतला, पाण्याखाली धरला. पाणी तोंडाच्या कडेला फाटलं. अंगठ्याएवढ्या जागेत.

जुनं तेल असेल म्हणून पुन्हा धुतला. पुन्हा तेच. साबण बदलला, पाणी बदललं, मोजे बदलले. बाकी सगळे भाग पहिल्या झटक्यात साफ, आणि तेवढी जागा... सरांनी स्वतः धुऊन पाहिला. तरी तेच. कोरडा करून पिशवीत बंद केला, दुसऱ्या दिवशी उघडला, तरी तसाच. आणि हलका वास – खोबरेलाचा. सरांना आला नाही, मला आला.

मला भीती वाटली नाही. बरंही वाटलं नाही. मी फक्त रोज येऊन धुवत होते.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या मासळी साफ करत होत्या. त्यांनी हात थांबवला.

"त्याचाच अंगठा हाय तो," त्या म्हणाल्या. "पन गो पोरी, त्या इलासची बी आय घरी वाट बघते. तू सांग त्याला. तुजा आयकंल."

माझं? ऐकतील? मला जवळजवळ हसू आलं.

जेट्टीच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले होते. मी रेग्युलेटर हातात घेतला आणि रोजच्या आवाजात म्हटलं, "अहो, हात लावू नका आता. विलास उद्या पाण्यात उतरणार आहे."

मग धुतला आणि नळाखाली धरला. पाणी कडेवरून सरळ खाली उतरलं. कुठेही न फाटता. कितीतरी वेळ मी नळ बंद केला नाही.

विलास दुसऱ्या दिवशी खाली गेला, काम करून वर आला, डबा खाल्ला. पुढे कित्येक वर्षं तो रेग्युलेटर माझ्याच हाताखालून गेला. दर वेळी पहिल्याच धुण्यात साफ.

सरांचं म्हणणं, धातूत काहीतरी दोष असेल. मग तो त्या दुपारी कुठे गेला? वडिलांना मी हे कधी सांगितलंच नाही.

उभ्या संसारात मिस्टरांनी माझं हे एकच ऐकलं. विलाससाठी सांगावंच लागलं, ते कळतं मला. तरी अजून घरी ताट धुताना ते नळाखाली तिरकं धरते, आणि पाणी कुठे फाटतंय का, बघत राहते.