उंदरांचा भाव करणारे अण्णा

मालोजीअण्णांची आणि माझी ओळख झाली तीच घासाघीस करत. बेंगळुरूतल्या एका विषाणू-संशोधन संस्थेत मी नुकतीच पुण्याहून आले होते. डेंग्यूवरचं एक औषध तपासायचं होतं, त्यासाठी साठ उंदीर हवे होते. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीपुढे मी ऐटीत आकडा सांगितला. टेबलाच्या टोकाला पांढरा सदरा घातलेले, ठसठशीत गंध लावलेले एक गृहस्थ बसले होते. ते पुढे वाकले आणि चक्क मराठीत म्हणाले, "शेवटचं सांग, पुणेबाई. तिसात होतं की नाही?"

मला वाटलं, कुणाचे तरी काका चुकून आत येऊन बसलेत.

पण काका चुकून बसले नव्हते. अशा समितीत एक माणूस विज्ञानाच्या बाहेरचा लागतो, असा नियमच आहे. कागदावर त्याला 'सामाजिक जाणीव असलेला सदस्य' म्हणतात. आमच्याकडे हा मान चिकपेटेतल्या साड्यांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे होता. घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं, मराठी घरापुरती उरलेली, आणि तीही निम्मी कन्नड झालेली. अण्णांनी या पदाची कार्डं छापून घेतली होती. वर 'सिल्क साड्यांचे घाऊक व्यापारी', खाली 'सामाजिक जाणीव असलेले'. भल्याभल्या शास्त्रज्ञांना ते बजावायचे, "तुमच्याकडे विज्ञान, माझ्याकडे जाणीव. दोघांनी मिळून स्वल्प काहीतरी करू."

त्यांची जाणीव म्हणजे घासाघीस. साठ म्हटलं की तीस, तीस म्हटलं की वीस. "दुकानात भाव नाही केला तर गिऱ्हाइकाला वाटतं, आपण फसलो. इथं उंदरांच्या वतीनं बोलायला दुसरं कोण आहे सांग की." लवकरच आम्ही सगळे आकडा वाढवून सांगायला शिकलो. अण्णाही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "नव्वद लिहिलंस म्हणजे तुला साठ पाहिजेत. म्हणजे पंचेचाळिसात भागतंय." आमचे संख्याशास्त्रज्ञ डोकं धरून बसायचे. एकदा अण्णांनी इतकं खाली ओढलं की एका सहकाऱ्याच्या प्रयोगातून काहीच सिद्ध झालं नाही, सगळा प्रयोग पुन्हा करावा लागला, आणि आधीपेक्षा जास्त उंदीर गेले. ते कळल्यावर अण्णांनी समितीचा चहाही घेतला नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा घासाघीस सुरू.

डेंग्यूचं तर त्यांच्या गळी उतरता उतरेना. साध्या उंदराला डेंग्यूनं काही होत नाही, मजेत फिरतो. म्हणून ज्यांची प्रतिकारशक्ती जन्मापासूनच लंगडी केलेली असते असे खास उंदीर वापरावे लागतात. ते मात्र आजारी पडतात, त्यांच्यात रक्तस्राव होतो, मग औषध तपासता येतं. अण्णांनी हे दोनदा समजावून घेतलं. "म्हणजे आधी साडी फाडायची, मग रफू बघा किती छान झालं म्हणून दाखवायचं?"

"अण्णा, माणसं मरतात डेंग्यूनं!"

"ते मला ठाऊक आहे गं. मी साडीच्या बाजूनं विचारतोय."

पण आमचं खरं वाजलं ते वेगळ्याच मुद्द्यावर. औषधानं उंदीर वाचले की नाही हे बिनतोड दाखवायचं, तर न वाचलेले मरेपर्यंत वाट बघायला हवी. मेला किंवा जगला, यात वाद नाही. प्रस्तावात मी तसंच लिहिलं होतं. अण्णांनी कागद बाजूला सारला. "बेडा. नको. कुणाच्या मरणाची वाट बघत बसायला माझी सही मिळणार नाही."

मी चिडले, समजावलं, शेवटी हातही जोडले. मार्चपर्यंत प्रयोग सुरू झाला नाही तर अनुदान परत जाणार, औषध कपाटात पडून राहणार आणि मी चंबूगबाळं आवरून पुण्याला. दोन बैठका झाल्या. अण्णा ढिम्म हलले नाहीत. आणि त्यांना वगळून बैठक घ्यावी, तर बाहेरच्या सदस्याशिवाय ती भरतच नाही.

मग अण्णांना डेंग्यू झाला.

खोटं नाही सांगत. चिकपेटेतल्या दुकानाच्या गच्चीवर पाण्याचं उघडं पिंप होतं, तिथले डास चावले. अण्णा बसवनगुडीतल्या नर्सिंग होममध्ये, बैठक रद्द, आणि डेंग्यूच्या औषधाचा प्रयोग डेंग्यूमुळे अडलेला! हसावं की रडावं ते कळेना. मी रोज भेटायला जायचे. काळजीनं जायचे हे खरं, पण प्रस्तावाची फाईलही पिशवीत असायची. अण्णा नर्सशीही घासाघीस करत होते. रक्त दिवसातून तीनदा कशाला, दोनदा घे. प्लेटलेट चाळीस हजार? स्वल्प वाढवून लिही की, घरी बायको घाबरते.

पाचव्या दिवशी ताप उतरला. अण्णांनी स्वतःच अध्यक्षांना फोन केला. "बैठक इकडंच घ्या. मी कुठं पळून जात नाही." आणि खरंच, मास्क लावलेली पाच माणसं त्या पलंगाभोवती स्टुलांवर बसली. फाईल अण्णांच्या पांघरुणावर. संस्थेचा लिपिक पायाशी इतिवृत्त लिहायला उभा.

अध्यक्ष म्हणाले, "उंदीर साठ."

"सरी. ठीक," अण्णा म्हणाले.

संख्याशास्त्रज्ञांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. अध्यक्षांनी घाईनं पुढचं वाचलं. "मृत्यू होईपर्यंत निरीक्षण."

"सरी, सरी. करा."

मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या, ते का लपवू? अध्यक्षांनी अण्णांच्या हातात पेन दिलं. ते गळून पडलं. मी उचलून द्यायला गेले तर त्यांची बोटं गार आणि घामेजलेली. ते माझ्याकडे बघत होते, पण बघत नव्हते.

"अण्णा," मी म्हटलं, "ऐंशी उंदीर घेऊ?"

"सरी."

"दोनशे?"

"सरी गं."

मी अशी किंचाळले की शेजारच्या खोलीतला पेशंट उठून आला. "सिस्टर! यांना बघा! हे भाव करत नाहीयेत!" नर्सला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण तिनं रक्तदाब घेतला आणि ती धावत सुटली. डेंग्यूत ताप उतरतो तीच वेळ कधीकधी घातकी असते. मी हे लोकांना शिकवते, आणि पलंगाशी बसून सहीची वाट बघत होते. अण्णांना आयसीयूत नेलं. मी बाहेर बाकावर बसून वेड्यासारखी रडले.

अण्णा वाचले. लिपिकानं मात्र इतिवृत्तात इमानदारीनं लिहून ठेवलं होतं, 'दोनशे उंदीर मंजूर.' ते खोडून घ्यायला मला दोन अर्ज करावे लागले.

त्या दिवसांत मी प्राणिगृहात दुसऱ्यांच्या प्रयोगांतले उंदीर नुसती बघत बसायचे. पिंजऱ्यात आम्ही मऊ कागद टाकतो, उंदीर तो कुरतडून घरटं करतात. रोज मोडलं तरी रोज करतात. आजार वाढला की एक दिवस कागद तसाच पडून राहतो. मरण त्यानंतर येतं. मी प्रस्ताव नव्यानं लिहिला. घरटं करणं थांबलं की त्या उंदराचा प्रयोग तिथंच संपला, तेवढ्यावरून औषधाचा गुण जोखायचा. संख्याशास्त्रज्ञांशी आठवडाभर कडाक्याचं भांडून मी ते पटवलं.

पुढच्या बैठकीला अण्णा आले. सदरा अंगात दोन मापं मोठा वाटत होता. सुरुवातीला अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "या प्रस्तावात कुणाचे हितसंबंध आहेत का?" या प्रश्नाला कुणी मानही वर करत नाही. अण्णांनी हात वर केला.

"माझे आहेत."

"औषधाच्या कंपनीत पैसे गुंतवलेत?"

"छे हो. मला डेंग्यू झाला. आता मी उंदरांच्या पार्टीतला. एका पार्टीच्या माणसानं निवाड्याला बसू नये."

अध्यक्षांनी नियमावली उलटीपालटी केली. उंदरांच्या बाजूनं हितसंबंध असले तर काय, हे तिच्यात नव्हतं. पण ज्याचे हितसंबंध त्यानं बाहेर थांबायचं, एवढं होतं. अण्णा शांतपणे पिशवी उचलून बाहेर गेले. बैठक भरताना ते हजर होते, नियमाला तेवढं पुरलं. आत प्रस्ताव मंजूर झाला.

मी बाहेर आले. ते व्हरांड्यात उभे होते.

"झालं?"

"झालं, अण्णा. मरेपर्यंत थांबायचं नाही आता. उंदरानं घरटं करायचं सोडलं की थांबायचं."

"चांगलं केलंस बघ." मग पिशवी या हातातून त्या हातात घेत, "थांबायचं म्हणजे काय करतीस?"

समितीपुढे मी हे न अडखळता सांगितलं होतं. "झोपवतो त्यांना. कायमचं. दुखत नाही."

अण्णांनी आपल्या हाताकडे बघितलं. सुयांचे काळेनिळे डाग अजून गेले नव्हते.

"मीपण भाव करायचं सोडलं होतं की, त्या दिवशी. मला नाही झोपवलंस. केवढी ओरडलीस."

"तुम्ही माणूस आहात, अण्णा."

"हां," ते म्हणाले. "तेवढंच ना, पुणेबाई?"

मी 'हो' म्हणाले. अण्णा त्यानंतर समितीवर आले नाहीत.