सोळा पौंड हवा

मिस्त्रीकडे गाडी टाकायची तर आधी एक सायकल विकत घ्यावी, असं लोक म्हणायचे, आणि मिस्त्रीला त्याचा राग यायचा नाही. उलट ती त्याला शाबासकीच वाटायची. त्याच्या गॅरेजमध्ये जुन्या फोर-व्हील जीपच यायच्या, आणि त्यातली एकही "चालेल, न्या" म्हणून बाहेर पडली नव्हती. गिऱ्हाईक क्लच दाखवायला यायचं. मिस्त्री क्लच उतरवता उतरवता गिअरबॉक्सला कान लावायचा आणि बिचाऱ्याचा महिना जायचा. काम मात्र असं व्हायचं, की ती जीप पाच वर्षं पुन्हा दारात दिसायची नाही. चोख माणूस. चोख माणसांचा ताप सगळ्यात जास्त घरच्यांना होतो, हे त्याला फार उशिरा कळलं.

त्याचा थोरला भाऊ, दादा, चाळीस वर्षं जमीनमोजणी खात्यात जीप चालवत होता. रस्ता संपला की याचं काम सुरू. निवृत्त झाल्यावर फुफ्फुसांनी दगा दिला. डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन "वर्ष धरू नका" म्हणून सांगितलं. वहिनीने ते दादापासून लपवलं नाही. तिला काही लपवता यायचंच नाही. दादाने ऐकून घेतलं आणि संध्याकाळी भावाला विचारलं,

"एकदा तळ्यावर नेशील? पलीकडच्या वाळूत. दोन दिवस तंबू ठोकू, पहाटे गळ टाकून बसू. मासा नाही लागला तरी चालेल."

"त्यात काय, नेतो की," मिस्त्री म्हणाला.

त्या काठाला रस्ता नव्हता. पाणी उतरलं की तीन-चार महिने तिथे रुंद वाळू उघडी पडायची. अशा वाळूत एकट्या गाडीने कुणी जात नाही. एक रुतली तर ओढायला दुसरी लागते. दुसरी जीप मास्तरांची होती. मास्तर म्हणजे शाळेत भूगोल शिकवणारे, दोघा भावांचे जुने दोस्त.

बेत दादाच्या पलंगावरच शिजू लागला. दादाने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काठाचा नकाशा काढला. कुठे वाळू घट्ट, कुठे वरून कोरडी आणि खाली चिखल, सगळं त्याच्या डोक्यात होतं. दोर, फळ्या, फावडं, हवेचा पंप, पाण्याचे कॅन, अशी यादी वाढत गेली. गळाला कणीक लावायची की गांडूळ, यावर दादा आणि मास्तर तीन संध्याकाळ भांडले. दादाला धाप लागली की मास्तर मुकाट हार मानायचे. "आजारपण परवडलं बाई, पण ही मासेमारी नको," असं वहिनी म्हणायची आणि चहा टाकायला आत जायची. बरं वाटायचं तिलाही.

घोडं अडलं होतं ते मिस्त्रीच्या जीपपाशी. पुढचं डावं चाक हलवून पाहिलं की केसभर हलायचं. दुसऱ्या कुणाच्या हाताला ते लागलंही नसतं. मिस्त्रीने नवं बेअरिंग मागवलं. आलं ते भलत्याच मापाचं. ते परत पाठवलं. दुसरं आलं, तर त्याचा आवाज याला पसंत पडेना.

"अरे, जुनंच बसव आणि चल," मास्तर म्हणाले.

"आणि वाळूत चाक निखळलं तर? दादाला काय पाठीवर आणू?"

मास्तरांना ते पटलं. दादाही म्हणाला, "घे वेळ. घाईत काही करू नकोस."

मिस्त्रीने वेळ घेतला. दादाच्या उशाशी ऑक्सिजनचं यंत्र आलं, नाकाला नळी आली. मिस्त्रीला दिसत नव्हतं असं नाही. पण भीती वाटली की काही माणसं देवाकडे जातात, हा पान्याकडे जायचा. त्या आठवड्यात त्याने चांगले चालणारे ब्रेकसुद्धा उतरवले.

एका रविवारी दुपारी तो आला तेव्हा दादाचा डोळा लागला होता. मिस्त्रीने सहज यादीचे कागद चाळले. वाळूत शिरण्याआधी चाकांतली हवा कमी करतात, म्हणजे चाक पसरतं आणि रुतत नाही. किती कमी करायची, हे गाडीवरच्या वजनावर ठरतं; वजन जास्त, तर हवा थोडी जास्त ठेवायची. दादाने एका कागदावर सगळ्या वजनांची बेरीज मांडून खाली आकडा लिहिला होता. सोळा पौंड.

"दादा, चुकलास तू," तो जागा झाल्यावर मिस्त्री म्हणाला. "सोळा कसे? अठरा तरी हवेत."

"नाही चुकलो."

"अरे, एवढं सामान, वर आपण दोघं..."

"पुन्हा बेरीज कर."

मिस्त्रीने केली. तंबू, पाणी, भांडी, फळ्या, दोर. माणसांपुढे एकच आकडा होता, आणि तो मिस्त्रीच्या वजनाचा होता. प्रत्येक कागदावर तारीख टाकायची दादाची नोकरीतली सवय. ती तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती.

मिस्त्री उठला आणि जवळजवळ पळतच गॅरेजमध्ये गेला. जुन्याच बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं, ते बसवलं, चाक चढवलं. तीन महिने अडलेलं काम सव्वा तासात झालं. जीप दादाच्या फाटकाशी लावून, इंजिन तसंच चालू ठेवून तो आत शिरला.

"भावजी, हे काय?" वहिनीने विचारलं.

"आत्ता निघू. मागे गादी टाकतो, यंत्र बरोबर घेऊ. मास्तरांना फोन केलाय."

वहिनी एकदा दादाकडे, एकदा त्याच्याकडे बघून बाजूला झाली. दोघांनी मिळून दादाला बसतं केलं, मग उभं केलं. दादाने दोन पावलं टाकली. तिसरं पडलं नाही. ओठ निळे पडले, तसं त्याला घाईघाईने परत आडवं केलं. श्वास जागेवर यायला पंधरा-वीस मिनिटं गेली.

"जुनंच बसवलंस?" दादाने विचारलं.

"हो."

"चाललं असतं?"

धोका होताच, एवढं जरी मिस्त्री म्हणाला असता तरी दोघांची सुटका झाली असती. पण गाडीच्या बाबतीत तो जन्मात खोटं बोलला नव्हता.

"चाललं असतं. दहादा जाऊन आलो असतो."

दादाने नाकाची नळी सारखी केली.

"मला वाटतच होतं. पण गाडीतलं तुला मी काय सांगणार?" मग थोडा दम घेऊन तो म्हणाला, "राग आलाय मला तुझा. खूप."

"चुकलो, दादा. माफ कर."

"नाही करत. मला जायचं होतं रे." पुन्हा दम. "धरून ठेवणार आहे मी हा राग. तसा फार दिवस धरावा लागायचा नाही."

दादाच्या असल्या बोलण्यावर मिस्त्री लहानपणापासून हसत आला होता. सवयीने त्याला आताही हसू फुटलं, आणि त्याचं रडं कधी झालं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. पलंगाची कड धरून तो हमसून हमसून रडू लागला. वहिनी पुढे झाली, तसं दादाने हाताने तिला थांबवलं.

"रडू दे," तो म्हणाला. "आज मी काही त्याला गप्प करणार नाही."