गरम गोठ्यात ठेवलेली गाडी

मर्ना बॉयचकच्या हातचे टाके कलिना गावात कुणाच्या ना कुणाच्या अंगावर असायचेच. गायींच्या, घोड्यांच्या, कुत्र्यांच्या आणि एका माणसाच्या. ती गुरांच्या डॉक्टरकडे कामाला होती. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायची, वासरं खच्ची करताना त्यांची मान गुडघ्याखाली दाबून धरायची. पाय मोडलेल्या घोड्याच्या कपाळाला डॉक्टर बंदूक लावायचे तेव्हा त्याच्या कानाशी आईनं शिकवलेली प्रार्थना पुटपुटायची. रक्ताचं तिला काही वाटत नसे.

तो एक माणूस म्हणजे ड्वेन. बर्फावरच्या हॉकीत गोल करणारे वेगळे आणि मारामारीला ठेवलेले वेगळे. ड्वेन दुसऱ्यांतला. समोरच्याचा जबडा फोडून तो फाटक्या भुवईनं बाकावर येऊन बसला, तेव्हा माणसांचा डॉक्टर जागेवर नव्हता. मर्नानं गुरांच्या दोऱ्यानं टाके घातले.

"दुखतंय का रे?"

"तू शिवतेस तोवर नाही," तो रक्ताळलेल्या दातांनी हसला, आणि ती तिथंच फसली. एवढी ताकद आपल्या बाजूनं असली की कुणाची भीती नको, असं तिला वाटलं. तिच्या बापानं तिच्या आईला मारताना घरात कुणाचीच बाजू नसायची.

हॉकी सुटली, ड्वेन खाणीत लागला, पण हात तेच राहिले. त्यानं मुकादमाच्या बरगड्या मोडल्या. शेजाऱ्याचं कुत्रं अंगावर आलं तर लाथेनं त्याची कंबर मोडली, आणि ते मर्नालाच सुई देऊन कायमचं झोपवावं लागलं. घरातल्या दारांना मुठीएवढी भोकं होती, त्यांवर तिनं कॅलेंडरं टांगली होती. तिच्यावर त्यानं हात उगारला होता, टाकला मात्र नव्हता. हे ती स्वतःला रोज सांगायची. रोज सांगावं लागतं याचा विचार करायची नाही.

मग डिसेंबरातली ती रात्र झाली. चर्चच्या तळघरात जेवण होतं. मर्नानं दुपारभर पेरोगी, बटाट्याच्या सारणाच्या उकडीच्या करंज्या, वळल्या होत्या. बाहेर ड्वेनची नवी पिकअप गाडी संध्याकाळपासून वाऱ्यात उभी होती. घरी निघाल्यावर ती म्हणाली, "नाताळला मी थोडे दिवस ताईकडे जाते."

"कोण जातंय?"

"मी जातेय."

ड्वेनचा आवाज चढला. तो स्टिअरिंगवर मूठ आपटत ओरडला, "बघ! बघ आता!" आणि वळणावर गाडी वळलीच नाही. सरळ विजेच्या खांबात घुसली. मर्नाच्या गळ्याखालचं हाड मोडलं आणि गाल काचेनं हनुवटीपर्यंत फाटला.

ड्वेन म्हणाला, स्टिअरिंग अडकलं. या गाडीचं अधूनमधून अडकतं, आधी दोनदा तक्रारही केली होती. पण गाडी विकणाऱ्या दुकानवाल्यांनी दोन्ही वेळा ती रात्रभर ठेवून घेतली आणि काही दोष नाही म्हणून परत दिली होती. अपघातानंतर पुढचं तोंड ठोकून सरळ केलं, तेव्हाही तेच उत्तर. गावानं ते ऐकलं, मर्नाच्या गालाकडे बघितलं आणि आपापला अर्थ लावला.

"मी कशाला मुद्दाम ठोकेन?" तो तिला विचारायचा. "तू तिथंच होतीस ना? सांग की सगळ्यांना!"

"सांगते," ती म्हणायची. पण तिलाच माहीत नव्हतं. "बघ आता" ही धमकी होती, की अडकलेलं चाक बघ म्हणून त्यानं मारलेली हाक? रात्री तो शेजारी घोरत पडायचा आणि ती त्याच्या हातांकडे बघत राहायची.

लवादाकडे अर्ज तिनंच केला. कोर्ट नाही, वकील नाही. एक त्रयस्थ माणूस येतो, गाडीच्या मालकाचं आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीचं ऐकतो, स्वतः गाडी चालवून बघतो, आणि तो म्हणेल ते दोघांनाही मान्य करावं लागतं. ड्वेनला वाटलं, बायको आपल्यासाठी भांडतेय. तिला फक्त कळून घ्यायचं होतं.

सुनावणी गावातल्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर जड दगड सरकवायच्या खेळाच्या, हॉलवरच्या खोलीत ठेवली होती. लवाद म्हणून एल्वा लिंडक्विस्ट नावाची बुटकी, पांढऱ्या केसांची बाई शहरातून आली. कंपनीकडून प्रेस्टन नावाचा तरुण, पायात बारीक तळव्याचे बूट घालून.

"चर्चला आला काय रे तू?" ड्वेननं त्याच्या बुटांकडे बघून विचारलं.

"मिस्टर बॉयचक, आपण गाडीबद्दल बोलू," प्रेस्टन म्हणाला.

लवादबाईंनी आधी गाडी चालवायची ठरवली. सगळे बसले. थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठावी अशी थंडी होती, पण गाडीतली सीट उबदार होती. बाईंनी गावाला फेरी मारली, वळणं घेतली, जोरात घेतली, मागे घेतली. स्टिअरिंग एका बोटानं फिरत होतं.

"लोण्यासारखं चालतंय," प्रेस्टन म्हणाला.

ड्वेनच्या मानेवरची शीर तटतटली. मर्नानं ती मागून बघितली. खोलीत परत आल्यावर बाईंनी तिला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

तेव्हा मर्नाच्या मनात सगळे दुवे जुळले. आदल्या संध्याकाळी तिनं गाडी डॉक्टरांच्या गरम गोठ्यात नेऊन ठेवली होती, जिथं हिवाळ्यात जन्मलेली वासरं ठेवतात. पाहुणी बाई गोठलेल्या सीटवर कशी बसवायची? कलिनात कुणीही तेच केलं असतं. दुकानवाल्यांनीही गाडी प्रत्येक वेळी रात्रभर गरम गॅरेजातच ठेवली होती. आणि अपघाताच्या रात्री ती संध्याकाळपासून बाहेर वाऱ्यात गोठत उभी होती.

गप्प बसली असती तर गाडी निर्दोष ठरली असती, आणि गावानं जे ठरवलं होतं तेच तिलाही धरून राहावं लागलं असतं. बोलली तर ड्वेन काय करेल, हे तिला ठाऊक होतं. तिनं खिशातल्या जपमाळेच्या गाठीवर बोट दाबलं.

"बाई, मी गाडी गरम ठेवली होती," ती म्हणाली. "तुमच्यासाठी. ती थंड झाली की मग बघा."

"तू काय केलंस?" ड्वेन उठला. खुर्ची भिंतीवर जाऊन फुटली. त्यानं टेबल उचलून पालथं केलं, उकळती कॉफी प्रेस्टनच्या मांडीवर सांडली आणि तो किंचाळला. "गाढवे! माझं वाटोळं करायला बसलीयेस का?"

"मिस्टर बॉयचक," लवादबाई जागेवरून हलल्या नाहीत. "बसा. नाहीतर मी उठते, आणि मी उठले की हे सगळं संपलं."

तो बसला. छाती भात्यासारखी हलत होती.

"गाडी बाहेर उभी करा," बाई म्हणाल्या. "थांबू आपण."

प्रेस्टन ओली पँट चिमटीत धरून म्हणाला, "हे रीतीला धरून नाही."

"गाडी मी बघायची असते, रीतही मीच बघते," बाई म्हणाल्या. "बर्फ लावा त्याला."

ते थांबले. खाली कर्लिंगचे दगड एकमेकांवर आदळत होते, आणि प्रत्येक आवाजासरशी मर्नाचं मोडलेलं हाड ठणकायचं.  ड्वेन भिंतीवर डोकं हलकंच आपटत राहिला. दुपार कलायला लागली तेव्हा लवादबाईंनी हातमोजे घातले.

या वेळी सीट दगड झाली होती. बाई चालवायला, शेजारी ड्वेन, मागे मर्ना आणि प्रेस्टन. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. गावाबाहेर रस्ता ओढ्याकडे वळतो तिथं बाईंनी हात फिरवले आणि हात तिथंच राहिले.

"बघा!" त्या ओरडल्या. "अहो, बघा हे!"

गाडी सरळ गेली. बांधावरून उडाली, कुंपणाच्या तारा तटातट तुटल्या, आणि बर्फात पुरलेल्या गवताच्या गठ्ठ्यांत तोंड खुपसून थांबली. लवादबाईंचं नाक स्टिअरिंगवर फुटलं, रक्त त्यांच्या पांढऱ्या मफलरवर धावलं. तरी दोन्ही हात चाकावरच होते. त्या ते दोन्ही बाजूंना ओढत होत्या, आणि ते हलत नव्हतं.

मर्नाला आपल्या हाडाची आठवण झाली नाही. तिला एकच शब्द ऐकू येत होता. तोच, तसाच, दुसऱ्याच तोंडून. म्हणजे ड्वेन खरं बोलत होता. तिनं क्रुसाची खूण केली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात ड्वेननं मागचं दार उघडून प्रेस्टनला गळपट्टीला धरून बर्फात ओढलं होतं. तो त्याच्या छातीवर बसला. पहिला ठोसा तोंडावर बसला, दुसरा कानावर. बारीक तळव्याचे बूट बर्फात घासत होते. एक दात उडून मर्नाच्या पायाशी पडला.

"लोणी, हं? लोणी!" ड्वेन हसत होता. खरोखर आनंदानं हसत होता, बाकावरच्या त्या दिवसासारखा. त्यानं मान वळवली. "बघ मर्ना! बघ आता! मी म्हणत होतो की नाही?"

"बघतेय," मर्ना म्हणाली.

ती पुढं झाली, आणि अंगावर येणाऱ्या बैलाला अडवतात तशी खांदा लावून दोघांच्या मध्ये घुसली. मूठ वर गेली. तिच्या शिवलेल्या गालासमोर थांबली आणि खाली आली. लवादबाई रक्त पुसत गाडीतून बघत होत्या.

प्रेस्टनला मारल्याचं प्रकरण पोलिसांकडे गेलं. लवादबाईंनी निकालात त्याचा शब्दही आणला नाही, गाडीपुरतंच बोलल्या: दोष आहे, कंपनीनं गाडी परत घ्यावी.

कंपनीचा ट्रक गाडी न्यायला आला त्या सकाळी ड्वेन जामिनावर घरीच होता. तो पायरीवर उभा राहून म्हणाला, "आता तरी पटलं ना? गाडीच होती."

"हो. गाडीच होती."

"मग तोंड का असं?"

मर्ना गाडीतल्या आरशाला बांधलेला, प्रवाशांना सांभाळणाऱ्या संत निकोलसचा छोटा फोटो सोडवत होती. गाठ थंडीनं कडक झाली होती. ती तिनं दातानं तोडली.

"मला वाटायचं, तू होतास," ती म्हणाली. "रोज वाटायचं. आणि तरी मी तुझ्या शेजारी झोपायचे, ड्वेन. गाडीनं नसतं केलं, तर तू केलं असतंस असंच वाटायचं मला. अजून वाटतं."

त्याच्या मुठी वळल्या. ट्रकवाला साखळी हातात धरून तसाच थांबला.

"आत ये," ड्वेन म्हणाला. "आत बोलू."

"नको." तिनं गाडीच्या दाराआड आधीच आणून ठेवलेली पिशवी उचलली आणि ट्रकच्या उंच पायरीवर पाय ठेवला. ड्वेननं घराच्या दारावर ठोसा मारला. कॅलेंडर आत कुठंतरी पडल्याचा आवाज आला.

"कुठं सोडू, बाई?" ट्रकवाल्यानं हळूच विचारलं.

"यॉर्कटनला. ताईकडे," मर्ना म्हणाली, आणि संत निकोलसला मांडीवर पालथा घालून त्याच्या पाठीवर हात ठेवला.